उद्याच्या पेपरात आई

तिरोडी स्टेशनामागच्या मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती, तरी कुणी खोकतसुद्धा नव्हतं. उद्याची बातमी आजच वाचून दाखवणाऱ्या उद्यामहाराजांनी लाल फडक्यातून पेपर काढला. तारीख चक्क उद्याची!

"आज की रोटी तो कुत्ता भी खाता है, बच्चा! हम कल की खबर खाते हैं!" महाराज गरजले आणि मग दबक्या आवाजात वाचू लागले, "तिरोडीच्या पुष्पलता यांचा गोंदियात ऑपरेशनदरम्यान मृत्यू."

गर्दीत बसलेल्या दहावीतल्या मयुरीनं दचकून वडिलांकडे पाहिलं. पुष्पलता तिची आई! पोटातली गाठ भराभर वाढत होती. "ऑपरेशनची तारीख टाळलीत तर बाई हातची जाईल," असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

तिचे वडील तेजराम, मँगनीजच्या खाणीतला दांडगा गडी, महाराजांच्या पायांवर कोसळले. "नाई नेत मी तिले गोंदियाले! महाराज, वाचवा!"

"सवा महिना दवाखाने का मुँह मत देखना. हम खबर मिटा देंगे."

सवा महिना! तोवर आई उरेल का? मयुरी ताडकन उठली.

"बस वो पोरी, शाप लागन!" शेजारच्या चंपाबाईंनी तिची ओढणी ओढली.

"बाबूजी, ऑपरेशन कितीले आहे?" मयुरीनं वडिलांना विचारलं.

"उद्या सकाळी दहाले."

"अन पेपर कितीले येते?"

"साताले."

"रातीच छापते ना तो? मंग दहाले मरणारी आई साताच्या पेपरात मेली कशी?"

गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं. महाराजांचा चेहरा उतरला.

"दैवी छापखाना है, लडकी!"

"छापखाना दैवी, पण डिंक दुकानातला दिसते!" पुढं होऊन पेपर हिसकावून मयुरीनं ओलं बोट तारखेवर घासलं. चिठ्ठी सुटली; खाली मागच्या मंगळवारची तारीख. घाईत हातानं लिहून चिकटवलेली बातमीही सोलली, खाली कूलरची जाहिरात! आणि नाव, आजार? ते तर महाराजांचा चेला दुलीचंद सभेआधी मैदानाच्या तोंडाशीच ज्याला-त्याला गोडीगोडीनं विचारत होता.

लोक उठले तेव्हा दुलीचंद पसार झाला होता. महाराजांना मात्र लोकांनी हलू दिलं नाही, पोलीस चौकीला फोन केला.

"पण पोरी," तेजराम पुटपुटले, "तिले खरंच काही झालं तं?"

मयुरी त्यांच्याशेजारी बसली. "मले नाई माहीत, बाबूजी. त्यालेही माहीत नाई. डॉक्टरले निदान गाठ माहीत आहे."

उद्याचा दिवस कुणीच आधी वाचलेला नाही. जो वाचल्याचं सांगतो, त्याला आधी विचारा, तो दिवस कसा वाचलास? भीती वाटली तरी विचाराच.

पहाटे पाचला तेजरामांनी पुष्पलताबाईंना हात धरून गाडीत बसवलं. मैदानाजवळून जाताना त्यांनी एकदा मागं वळून पाहिलं. पण गाडी गोंदियाच्या रस्त्याला लागली होती.