गाठ न सोडता तपासलेली माती

मंगळवार, सकाळचे साडेअकरा. छत्रपती संभाजीनगरातली एक खासगी माती प्रयोगशाळा, खिडकीखालची फळी.

त्या फळीवरून मी बोलतेय. मी अर्धा किलो काळी माती, कापडी पिशवीतली. पैठण रस्त्याला, नव्या प्लॉटांच्या कुंपणाला लागून म्हाळसाबाईंचं दोन एकर रान आहे, तिथली.

वीस वर्षं मला युरिया खाऊ घातला. मी घट्ट झाले, पाणी वरूनच वाहून जाऊ लागलं. भाजी विषमुक्त आहे का, असं शहर विचारतं. माती कशी आहे, हे कुणी विचारत नाही. म्हाळसाबाईंनी विचारलं. तीन वर्षांपूर्वी त्यांनी रासायनिक खत बंद केलं. शेणखत, जीवामृत, वर पाल्याचं आच्छादन. पहिल्या वर्षी वांगी निम्मीच आली. मुलगा शिवशंकर कंपनीतून सुटी काढून यायचा आणि बांधावरून म्हणायचा, "आई, गांडुळं मोजून पोट भरतंय व्हय?"

"तू नको मोजू. तू तुझे नटबोल्ट मोज."

शेवटी मायलेकांचं ठरलं. यंदा तपासणीत सेंद्रिय कर्ब, म्हणजे मातीचा कस, वाढला तर रान आईच्या मताने, नाही तर शनिवारच्या लावणीला युरिया.

म्हणून त्यांनी मला नीट काढलं. नागमोडी चालत दहा जागा, प्रत्येक जागी वीतभर खड्डा. उकिरड्याजवळची माती घेतली नाही, झाडाखालची घेतली नाही. मला सावलीत वाळवलं आणि पिशवीचं तोंड जुन्या लुगड्याच्या काठाने बांधलं. बियाण्याच्या गाडग्याला बांधतात तीच गाठ: दोन वेढे, टोक आत खोचलेलं. ओढली की आवळते. मग मला इथं आणून दिलं.

अहवाल आला. कर्ब पहिल्या वर्षीच्या तपासणीत होता तितकाच, ०.३१ टक्के. शिवशंकरने त्याच दिवशी युरियाच्या गोण्या ओसरीवर आणून टाकल्या.

आज म्हाळसाबाई तो कागद घेऊन इथं आल्या. कागदावर सही करणारा ऋतुराज म्हणाला, "मावशी, मशीन खोटं बोलत नाही."

"मशीनला कोण काय म्हणतंय? माझी माती कुठंय?"

त्याने नंबर पाहून मला टेबलावर ठेवलं. त्यांनी गाठीवरून अंगठा फिरवला, पिशवी उलटसुलट करून शिवण पाहिली.

"लेकरा, ही सोडून दाखव."

त्याने ओढली. ती आवळली. पुन्हा ओढली.

"तशी नाय सुटायची. मी बांधली तशीच हाय ही. न सोडताच तपासली व्हय?"

"साहेबांना विचारतो," म्हणून तो आत गेला.

मला तपासणीची भीती नाही. माझ्यात आता पाणी मुरतं, हे मला कुणी सांगायला नको. उघडा मला, चाळा, जो आकडा येईल तो लिहा. कमी आला तरी म्हाळसाबाई शब्द पाळतील. पण आकडा माझा असला पाहिजे.

अहवालावर तपासणीची तारीख बारा आहे. आज एकोणीस. शिवण शाबूत आहे, गाठ शाबूत आहे, म्हाळसाबाई बाकावर बसून आहेत. ०.३१ हा आकडा कोणत्या मातीचा, हे सांगायला आतून अजून कुणी आलेलं नाही.