आधी बघ, मग वाच

माझा नवरा फरशी बसवतो. सगळे त्यांना मिस्तरी म्हणतात. रागात असले की मीही म्हणते. त्यांना कवितांचं वेड आहे, आणि तेही जगावेगळं. चौकटीच्या वहीत एका चौकटीत एकच शब्द, फरश्या मांडाव्यात तसा. जिन्यावरची कविता पायरी पायरीने चढते, विहिरीवरची खाली खाली जाऊन एकट्या ‘थेंब’वर संपते. कविता झाली की माझं शिवण थांबवून वही नाकासमोर धरायचे.

“आधी बघ, मग वाच.”

“बघितलं, वाचलं. आता सरका, उजेड अडतोय.”

गेले दोन महिने वही नाकासमोर आली नव्हती. मी खोलीत गेले की ती मिटायची. दर मंगळवारी मिस्तरी दाढी करून, हत्यारांची पिशवी घरी ठेवून कुठेतरी जायचे. विचारलं की “जरा काम होतं,” आणि नजर भलतीकडेच. माझा धंदा शिवणाचा. कुठे उसवतंय ते मला चटकन कळतं.

एका मंगळवारी ते बाहेर पडल्यावर मी गादीखाली हात घातला. एक पान निघालं.

उतर
चाल
चाल
थांब
वळ  हळू  आता  इथे  तू

अक्षरं एवढी मोठी की चौकटीत मावत नव्हती. शेवटचं ‘तू’ तर दोनदा गिरवलेलं. एकवीस वर्षांत माझ्यासाठी कुणी काही गिरवलं नव्हतं.

माझं डोकंच फिरलं. आमच्या वर मास्तरीणबाई एकटी राहते. तिचे कपडे मीच शिवते. तिच्या कमरेचं माप मला पाठ आहे आणि ते माझ्यापेक्षा बरं आहे. कागदावरचे शब्द खाली येऊन वळत होते, आणि आमचा जिनाही खाली येऊन आमच्या दाराशी वळतो. मी बाहेर जाऊन पायऱ्या मोजल्या. पायऱ्या अकरा, शब्द नऊ. घाईत दोन पायऱ्या गाळत असेल बया, अशी मीच माझी समजूत घातली. पान होतं तसं ठेवून दिलं. रात्रभर राग राग केला, पण खरं सांगायचं तर राग कमी आणि भीती जास्त होती. हा माणूस गेला तर माझं काय, एवढंच डोक्यात.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून ते आडवे झाले. माझं मशीन आतल्या खोलीत, खिडकीपाशी असतं. त्याच्या पायांखाली चिंध्या सारून, आवाज न करता मी ते ओढत ओढत बाहेरच्या दाराशी नेलं. तिथून सगळा जिना दिसतो. दार बोटभर उघडं ठेवून पहाऱ्याला बसले.

वरून कुणी उतरलं नाही. आत मात्र पलंग करकरला. मी पावलं न वाजवता आतल्या दाराशी गेले.

मिस्तरींनी अनवाणी पाय जमिनीवर टेकवले. ओठ हलत होते. “उतर.” एक फरशी. “चाल.” दुसरी. चौथ्या फरशीवर थांबले. पाचवीवर वळले. “हळू... आता... इथे...” नवव्या फरशीवर उभं राहून त्यांनी हसत हसत हात पुढे केला, मी शिवत बसते तेव्हा माझा खांदा जिथे असतो तिथे. हात हवेत राहिला.

“आज मशीन बंद?” ते रिकाम्या जागेला म्हणाले.

खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होते. त्यांचा हात जरा खाली आला, मग बाजूला चाचपडू लागला. हसू मावळलं.

“अगं, आहेस ना?”

ते म्हणायचे तसं मी आधी बघायला हवं होतं. मी नुसतं वाचलं होतं. पुढे होऊन मी त्यांचा हात धरून खांद्यावर ठेवला.

“डोळ्यांच्या दवाखान्यात जातो मंगळवारी,” ते म्हणाले. “अजून उजेड कळतो, कडा कळतात. डॉक्टर म्हणतात, हळूहळू तेही जाईल.”

“आणि मला सांगायचं नाही?”

“सांगणार होतो. आधी घर पाठ करत होतो. स्वयंपाकघर राहिलंय.” मग म्हणाले, “मशीन कुठे गेलं?”

“दाराशी नेलं. तुमच्यावर पहारा ठेवायला.”

“कुणापायी?”

“वरच्या मास्तरीणबाईपायी.”

ते एवढे हसले की त्यांना पलंगावर बसवावं लागलं. मी हसले नाही. मला रडू आवरत नव्हतं आणि त्यांना ते दिसत नव्हतं.

मशीन परत आणलं. नऊ शब्द म्हणत मी स्वतः चालून पाहिलं आणि त्याला तसूभरही इकडे तिकडे न होऊ देता बसवलं. मग कापडावर आखायचा खडू घेतला आणि त्याच्या चारही पायांभोवती फरशीवर खुणा केल्या. माझा स्वभाव मला ठाऊक आहे. पुन्हा कधी रागाच्या भरात हलवलंच, तर ते उठायच्या आत मला जागा सापडायला हवी.