करंगळी तेवढी शहाणी

“डोळे मीट. आता सांग, सुलट बाजू कुठली?” आत्या विचारायची, आणि सात वर्षांची पोर अस्तराचा तुकडा चिमटीत चोळत राहायची. अंदाजानं काही बोलली की डोक्यावर टपली. “कळत नसेल तर कळत नाही म्हण गं. कापड काही रागावत नाही.”

त्याला आता चाळीस वर्षं झाली. ती पोर मास्तरांच्या शिलाईच्या दुकानात काजं करते. मास्तर म्हणजे तिचा नवरा. ते कापणार, मशीनवर शिवणार, आणि शेवटचा हात तिचा. तिच्या काजात बटण माहेरी आल्यासारखं शिरायचं. दिवसभर दोघांची थट्टा चालायची, मशीन टाळ धरायचं.

वर्षापूर्वी तिच्या उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. झोपेतून उठून ती हात झटकायची. मग मुंग्या थांबल्या, पण जाताना स्पर्श घेऊन गेल्या. अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि मधलं, तिघं लाकडाची झाली. करंगळी तेवढी शहाणी राहिली. ती कापड करंगळीनं चाचपायची, तिलाही उमगलं नाही तर हळूच गालाला लावायची. मास्तरांना वाटायचं, बायकोची कापडावर काय माया!

एकदा तिच्या हातून कोटाचं अस्तर उलटं लागलं. मास्तरांनी हसत हसत उसवलं आणि तिला चष्म्याच्या दुकानात नेलं. दुकानदारानंही कुठलातरी बारीकसा नंबर काढून दिला. डोळे ठणठणीत असून तिनं तो चष्मा मुकाट्यानं लावला. ‘हात गेला’ म्हणण्यापेक्षा ‘नजर गेली’ सोपं होतं.

दीड महिन्यापूर्वी मास्तरांनीच तिला डॉक्टरीणबाईंकडे आणलं. तिनं फक्त मुंग्यांचं सांगितलं. मनगट सरळ राहावं म्हणून रात्री बांधायची पट्टी मिळाली. आज पुन्हा दोघं त्याच खोलीत बसली होती, मास्तरांच्या कॉलरला दोरा चिकटलेला.

बाईंनी तिचा पंजा उलटसुलट करून पाहिला. अंगठ्याखालचा झिजत चाललेला उंचवटा त्यांनी दोनदा दाबला आणि कपाळाला आठी घातली. मग समजावलं, की मनगटात एक अरुंद वाट असते, तिथं नस दबते. मुंग्या येत-जात असतील तर पट्टी, हाताला मधेमधे विसावा, फार तर मनगटात एक इंजेक्शन. पण बोटं कायमची बधिर असतील तर वाट बघायची नाही. छोटंसं ऑपरेशन करून नसेवरचा पट्टा मोकळा करायचा. त्याच दिवशी घरी, काही आठवडे जड काम नाही. उशीर झाला तर गेलेला स्पर्श पुरता परत येईलच असं नाही.

मास्तरांनी टाके किती आणि दोरा कुठला, असं विचारलं. बाई हसल्या. ती हसली नाही. ज्या हातानं जन्मभर शिवलं, त्यालाच कुणी उसवणार, या विचारानं तिनं मूठ आवळून धरली.

“डोळे मिटा,” बाई म्हणाल्या. “कापूस कुठल्या बोटाला लागतोय, सांगा.”

मागच्या खेपेला तिनं पापण्यांच्या फटीतून पाहिलं होतं आणि सगळी उत्तरं बरोबर दिली होती. आजही फट होतीच. कापूस मधल्या बोटावर होता. उत्तर ओठांवर आलं.

पण ‘डोळे मीट’ म्हणणारी पहिली बाई ही नव्हती. तिनं चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि डोळे खरोखर मिटले. वाट पाहिली. बोटांकडून काहीच निरोप येईना.

“कळत नाही,” ती म्हणाली. “मागच्या वेळी मी बघून सांगितलं होतं, बाई.” मग डोळे न उघडताच मास्तरांच्या बाजूला वळली. “अहो, माझी नजर चांगली आहे. सहा महिने झाले, मला कापडच कळत नाही.”