उशिरा आली

खाण बंद पडून आठ महिने झाले होते. तांब्याचा भाव कोसळला, घरोघरचे पगार थांबले आणि त्याची झळ सरकारी दवाखान्यालाही लागली. जिल्ह्याहून औषधांची गाडी येईना. मग दवाखान्याचे प्रमुख सिकाझ्वे साहेबांनी फर्मान काढलं: बाळंतिणीने हातमोजे, नाळ कापायचं पातं, कापूस स्वतः आणायचं, नाहीतर परत जायचं. बघता बघता त्याची रीतच पडून गेली.

सोमवारी सकाळी चितालू आली. पहिलटकरीण, कळा सुरू झालेल्या. सोबत सासू.

“सामान?” कासुबा सिस्टरने विचारलं.

“कापूस आणलाय, पातं आणलंय. हातमोजे कुठून आणू, पोरी? खाण बंद पडल्यापासून लेक घरी बसलाय.”

आतून साहेब ओरडले, “एकीला घेतलं की उद्या सगळी वस्ती रिकाम्या हाताने येईल!”

“मग बाळाला सांगू का, थांब रे जरा, आजी बाजारातून येईपर्यंत?” म्हातारीने सुनावलं.

कासुबा तिच्याकडे न बघताच म्हणाली, “मावशी, नियम आहे. मोजे मिळाले की लगेच या.”

बाजारात मोजे मिळाले नाहीत. संध्याकाळी लोकांनी चितालूला हातगाडीवरून आणलं. वाटेतच बाळाचं डोकं दिसू लागलं होतं. कासुबाने हाताला लागतील त्या पावाच्या दोन पिशव्या हातांवर चढवल्या आणि तिची सुटका केली. चितालू वाचली. बाळ निळं पडलं होतं. अर्धा तास कासुबा त्याच्या छातीवर बोटं दाबत, तोंडाने श्वास देत राहिली. ते रडलं नाही.

पिशव्या काढताना तिला भडभडून आलं. सकाळीही पिशव्याच चालल्या असत्या.

“नोंदवहीत लिही,” साहेब म्हणाले, “रुग्ण उशिरा आली.”

कासुबाने लिहिलं: सकाळी साडेआठला आली. मोजे नाहीत म्हणून साहेबांनी नकार दिला, मी परत पाठवली.

“वेड लागलंय का? बदली होईल तुझी, पार रानात!”

“होऊ दे. तिथंही बायका बाळंत होतातच की. दारात आलेली बाई मी आता परत पाठवणार नाही.”

साहेब पाय आपटत निघून गेले. कासुबाने मागची पानं उलटली. आठ महिन्यांत अकरा वेळा ‘उशिरा आली’, त्यातल्या सात वेळा तिच्याच अक्षरात. प्रत्येकीचा चेहरा तिला आठवत होता. तिने पेन उघडलं आणि पहिल्या नावासमोरचे ते दोन शब्द खोडले.