हमरोकुल मीराबाच्या छातीतून

मी जिथून बोलते आहे तिथे खिडकी नाही, घड्याळ नाही आणि सुट्टी तर नाहीच नाही. मी एक नळी आहे. लांबी करंगळीच्या दोन पेरांएवढी, अंग टायटॅनियमचं, मध्ये एक डौलदार वळण. माझं एक तोंड हृदयाच्या मोठ्या कप्प्यात उघडतं आणि दुसरं त्याच हृदयाच्या एका धमनीत, जिथे ती तुंबली आहे त्याच्या खाली. दर ठोक्याला रक्त माझ्यातून जातं. एवढ्या छोट्या जागेत एवढं महत्त्वाचं पद फार थोड्यांना मिळतं, हे मी नम्रपणे नमूद करते.

माझा जन्म एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. तिथे माणसं तोंडाला फडकी बांधून कुजबुजत काम करायची, जणू आम्ही नळ्या झोपलो होतो. मला भिंगाखाली धरून वळवलं, घासलं, आतून गुळगुळीत केलं. माझ्याबरोबरच्या कितीतरी नळ्या कुठे केसाएवढी चीर, कुठे तोंडाशी खरखर म्हणून बाद झाल्या. मी पास झाले. मग मला दोन पिशव्यांमध्ये बंद करून एका डबीत ठेवलं आणि ताश्कंदच्या एका इस्पितळाच्या कपाटात रवानगी झाली. तिथे आठ महिने मी काहीही केलं नाही. मोठी पदं मिळण्याआधी असा काळ जातोच.

हमरोकुल फरगाना खोऱ्यातल्या एका गावचे मीराब. मीराब म्हणजे गावच्या पाटाचं पाणी वाटणारा, आपल्याकडचा पाटकरी म्हणा. कुणाच्या कापसाला कधी, कुणाच्या जर्दाळूंना किती, कुणाची पाळी कुणी चोरली, हा सगळा न्याय एक्केचाळीस वर्षं त्यांनी केला; त्यातला बराचसा गुडघाभर गार पाण्यात उभं राहून. म्हणूनच माझा नंबर लागला. हृदयाला बगल देऊन नवी वाट काढायची तर डॉक्टर सहसा पायातली शीर काढून वापरतात. पण हमरोकुलांच्या पायांच्या शिरा त्या पाण्याने दोरखंडासारख्या फुगून वाकड्या झालेल्या. छातीतली एक वाहिनी होती, तीही निकामी निघाली. डॉक्टरांनी उसासा टाकला आणि म्हणाले, "कपाटातली ती डबी आणा."

शस्त्रक्रिया पाच तास चालली. माझ्या कामाबद्दल मीच काय सांगू? रक्त आलं, मी सोडलं.

खरी भानगड बाहेरच्या बाकावर झाली. हाडांमधून मला सगळं ऐकू येतं, आणि पुढे घरात हा विषय इतक्यांदा निघाला की बाकावरचा प्रत्येक शब्द मला पाठ आहे. या लोकांची एक रीत आहे: आजारी माणसाला त्याचा आजार सांगायचा नाही. कागद मुलाच्या हाती, काळजी बायकोच्या उरी, आणि रोगी मात्र अगदी ठणठणीत. डॉक्टरही रोग्याशी हवापाण्यावर बोलतात आणि मुलाला कोपऱ्यात घेऊन खरं सांगतात.

"ओतांना सांगायचं नाही," मुलगा ओदिल म्हणाला. ओता म्हणजे वडील. "छातीत लोखंड बसवलंय म्हटलं तर धास्तीनेच जातील."

"मग एवढी छाती फाडलीत ती कशाला, विचारतील ना," त्याची आई रिसोलत म्हणाली.

"म्हणायचं, शीर तुंबली होती, ती साफ केली. बस."

मला लोखंड म्हटलं, तेही मी सोडून दिलं. पण ज्याच्या घरात राहायचं त्या घरमालकालाच भाडेकरूची बातमी नाही, हा प्रकार मला चमत्कारिक वाटला.

घरी आल्यावर महिनाभर पाहुण्यांची रीघ लागली. प्रत्येकजण नान आणि मिठाई घेऊन यायचा, हमरोकुलांकडे बघून "वाघासारखे दिसताय!" म्हणायचा आणि अंगणाच्या दाराबाहेर जाऊन रडायचा. सून सानोबार चहा ओतून दमून जायची. त्याच्या तीन वर्षं आधी ती या घरात आली होती. रोज सकाळी वाकून सासऱ्यांना सलाम करायचा, ते उठायच्या आत अंगण झाडायचं, आणि विचारलं तेवढ्याचंच, तेही खालच्या आवाजात, उत्तर द्यायचं, ही तिथल्या सुनेची चाल. ती चाल तिने इतकी चोख पाळली होती की हमरोकुलांना तिचा आवाज नक्की कसा आहे हे ठाऊक नसावं.

पण इस्पितळाचा कागद रशियनमध्ये होता, आणि घरात ती भाषा धड वाचता येणारी एकटी तीच. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या रोज, न चुकता, जन्मभर. नाहीतर नळीत रक्त गोठेल. तिने वाचून दाखवलं, ओदिलने मान हलवली आणि कागद पेटीत ठेवून दिला.

हमरोकुलांनी दोन महिने गोळ्या घेतल्या. मग त्यांनी विचार केला, आणि माझं नशीब असं की तो विचार बिनचूक होता. वसंतात सगळा गाव मिळून पाट उपसतो, गाळ काठावर टाकतो, की झालं. वर्षभर बघायला नको. साफ केलेल्या पाटात कुणी रोज औषध ओततं का? तेव्हा रोज सकाळी बायकोसमोर गोळी जिभेवर ठेवायची, चहाचा घोट घ्यायचा, आणि द्राक्षांच्या मांडवाखाली जाऊन थुंकायची. चुकीच्या माहितीवर केलेला इतका सरळ विचार मी दुसरा पाहिला नाही.

पहिले काही दिवस मला काही जाणवलं नाही. मग वळणापाशी एक पातळ साय धरली. दुसऱ्या आठवड्यात ती खरवडण्याएवढी झाली. मी कितीही गुळगुळीत असले तरी परकीच. रक्ताला परक्याला चिकटायची खोड असते. मी ओरडू शकत नव्हते. जेवढी वाट उरली होती तेवढ्यातून जेवढं देता येईल तेवढं देत राहिले.

मांडवाखालच्या गोळ्या सानोबारच्या झाडूला लागल्या. एक नाही, नऊ. काही ओलाव्याने फुगलेल्या, काही कोंबड्यांनी टोचून सोडलेल्या. त्या तिने नवऱ्यासमोर ठेवल्या.

"त्यांना खरं सांगा," ती म्हणाली. "आजच."

"वेडी आहेस का? आता सांगितलं तर दोन धक्के. एक नळीचा, एक आपण खोटं बोललो त्याचा."

"मी शोरब्यात कुटून घालते," रिसोलत म्हणाली. "त्यांना काय कळतंय."

त्यांना कळलं. पहिल्याच घोटाला वाडगा खाली ठेवला. "ओदिलची आई, यात काय घातलंस?"

"जिरं."

"चाळीस वर्षं तुझं जिरं खातोय मी. हे जिरं नव्हे. तुला माझा कंटाळा आला असेल तर सरळ सांग, उगाच हळूहळू मारू नकोस."

त्या दिवसापासून ते शोरबा सोडून नुसतं नान आणि मनुका खायला लागले, आणि कुटलेली गोळी कोंबड्यांच्या वाट्याला गेली. गावातली सर्वांत पातळ रक्ताची कोंबडी आमच्या अंगणात होती.

असा महिना गेला आणि हशरचा दिवस आला. हशर म्हणजे गावाने मिळून करायचं काम. कुणी बोलवत नाही, कुणी चुकवत नाही. कुदळी-फावडी घेऊन सगळे पाट उपसायला निघाले. घरात सगळे नको म्हणत होते, पण मीराब नसलेला हशर हमरोकुलांनी कधी ऐकला नव्हता. "मला साफ करून दिलंय ना? मग?" म्हणाले, आणि कुदळ खांद्यावर टाकून थेट वर, पाटाच्या तोंडाशी गेले.

तो चढ मी विसरणार नाही. निम्मी वाट तुंबलेली आणि वरून मागणी दुप्पट. दहा-बारा घाव घातल्यावर ते तुतीच्या झाडाखाली बसले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "ऊन लागलं." ऊन नव्हतं. मी होते.

इतक्यात सानोबार किटली आणि नान घेऊन आली. बाकीचे खालच्या वळणावर होते. तिने पियाल्यात चहा ओतला, दोन्ही हातांनी पुढे केला, आणि गेली नाही.

"ओता, एक विचारू?"

हमरोकुलांनी वर पाहिलं. सुनेला आवाज आहे, याचंच त्यांना आश्चर्य वाटलं असावं. "विचार की."

"पाटात दरड कोसळली आणि ती उपसता येण्यासारखी नसली, तर मीराब काय करतो?"

"हे काय विचारणं झालं? दरडीच्या वरच्या अंगाला पाणी धरायचं, बाजूने नळ टाकायचा, दरडीखाली परत पाटात सोडायचं. त्या पलीकडच्या घळीत मीच टाकलाय तसा. आजही चालतो."

"आणि नळात गाळ बसला तर?"

"बसू द्यायचाच कशाला? पाट एक वर्ष दुर्लक्ष सोसतो. नळ नाही सोसत. त्याच्याकडे रोज बघावं लागतं. टाकला आणि विसरला की मेला तो नळ, आणि खालची शेतं त्याच्याबरोबर."

"मग तुम्ही का विसरलात?"

"कोणता नळ?"

तिचा आवाज या वेळी खाली गेला नाही. "तुमच्या छातीत कुणी काही साफ केलेलं नाही, ओता. दरड तशीच आहे. बाजूने नळ टाकलाय. त्या गोळ्या गाळ बसू नये म्हणून आहेत, आणि त्या तुम्ही मांडवाखाली थुंकलात. मी मोजायचं सोडून दिलं."

आता हृदय थांबेल, अशी माझी खात्री झाली होती. ओदिलचीही हीच भीती होती. पण ते थांबलं नाही. उलट थोडं सावकाश चालायला लागलं, एखादा माणूस नीट ऐकायला मान पुढे करतो तसं.

"किती लांब आहे?" हमरोकुलांनी विचारलं.

"माझ्या करंगळीची दोन पेरं."

"कशाचा?"

"टायटॅनियमचा. गंजत नाही."

"वरचं तोंड कुठे काढलंय?"

"थेट हृदयाच्या मोठ्या कप्प्यात."

"म्हणजे पाटातून नाही, तलावातूनच!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "शहाणा दिसतो माणूस. मीही तिथूनच घेतलं असतं." मला इतकी योग्य दाद कारखान्यातही मिळाली नव्हती.

मग चेहरा बदलला. "एक्केचाळीस वर्षं मी या गावाचं पाणी वाटलं. आणि माझ्याच छातीतल्या पाण्याची वाट मला सोडून सगळ्यांना माहीत?"

"चुकलं, ओता."

"तुझं नाही चुकलं. गोळी आहे?"

तिने रुमालाची गाठ सोडली. त्यांनी चहाबरोबर गोळी गिळली आणि तोंड उघडून तिला दाखवलं. मग म्हणाले, "आता ओदिलला हाक मार, गाडी वर आण म्हणावं. मी पायी उतरणार नाही. हे ऊन नव्हे, पोरी, नळ तुंबलाय."

सानोबारने हाक मारली. तीन वर्षं साठवलेली ती हाक खालच्या वळणापर्यंत गेली आणि सगळ्या कुदळी थांबल्या.

जिल्ह्याच्या इस्पितळात चार दिवस हातातून औषध सोडलं. वळणावरची साय विरघळली. थोडी कडेला राहिली आहे, पण ती कामाच्या आड येत नाही. डॉक्टर ओदिलला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "अजून एक दिवस उशीर झाला असता तर..." तेव्हा पलंगावरून आवाज आला, "डॉक्टरसाहेब, इकडे येऊन बोला. नळ माझ्याकडे आहे, त्याच्याकडे नाही."

याला सहा वर्षं झाली. रिसोलतचा शोरबा परत गोड लागायला लागला. चायखान्यात हमरोकुल माझ्यावर इतकं बोलतात की लोक त्यांना बघून बाक बदलतात. पण त्याचा परिणाम झाला. गावातल्या म्हाताऱ्यांनी एकेक करून घरी जाऊन मुलांना विचारलं, "माझा कागद कुठे आहे?" कुणाला साखर निघाली, कुणाला मूतखडा, एकाला तर काहीच नाही, तो अजून रुसून आहे. तरुण मंडळी हमरोकुलांवर नाराज आहेत. म्हातारी मात्र वेळेवर औषध घेतात.

वाचणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. तुमच्या माणसाच्या छातीत काही बसवलं तर त्याला सांगा. माणूस तुम्हाला वाटतो तेवढा ठिसूळ नसतो, आणि राखण त्यालाच करायची असते. माझ्यासारखी नळी कितीही चांगली असली तरी ती एकटीने काही निभावू शकत नाही.

आता पुरे. सानोबारने अंगणातून "ओता, गोळी!" म्हणून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी आठवण केली, ती घेऊन झाली, आणि हमरोकुल पाटाच्या तोंडाकडे निघालेत. चढ सुरू झाला आहे. मला काम आहे.