केबिनमधली एक जागा

बाहेर बर्फ आणि घरात खिडकीशी कुंडीतलं लिंबू, हे रशियातल्या आमच्या पावलोवो गावात घरोघरी. पण बाबांच्या झाडासारखं झाड अख्ख्या गल्लीत नव्हतं. एकोणीस वर्षांचं, माझ्या खांद्याएवढं. बाबा बर्फ वितळवून, कोमट करून पाणी घालायचे, पानं ओल्या फडक्यानं पुसायचे. माझं नाक त्यांनी इतक्या मायेनं कधी पुसलं नाही.

खोली एकच. पडद्याच्या अलीकडे बाबा आणि लिंबू, पलीकडे मी, नवरा आणि पोटातलं मूल.

जानेवारीत कारखान्याचा उपसंचालक लुकोनिन घरी आला. "अर्खिप सावेल्यिच, गोर्की शहरातल्या वरच्या साहेबांना भेट न्यायचीय. झाड द्या. तुमच्या झीनाचं नाव फ्लॅटच्या यादीत वर घेतो."

बाबांनी माझ्या पोटाकडे पाहिलं आणि हो म्हणाले.

तीन रजयांत गुंडाळून झाड खाली आणलं. उणे सत्तावीस. ट्रकच्या केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी एकच जागा. तिथे लुकोनिन चढून बसला. झाड मागे, उघड्यावर.

"मरेल ते!" मी ओरडले. "तुम्ही बसा की मागे, कॉम्रेड! तुम्हाला फरची टोपी तरी आहे!"

ड्रायव्हर फिस्सकन हसला. बाबांनी माझा दंड असा आवळला की वळ उठले. "दोन जिवांची आहे, मनावर घेऊ नका," ते म्हणाले. त्या थंडीत टोपी काढून म्हणाले. "जरा हळू न्या, एवढंच."

हळू! म्हणजे गारठायला आणखी वेळ.

गोर्कीला पोचेपर्यंत पानं काळी पडली. लुकोनिनचा निरोप आला: मेलेलं झाड देऊन कारखान्याची नाचक्की केलीत. माझं नाव यादीत होतं तिथेच राहिलं.

मग तो समोरच्या कपितोलिना मावशीकडे गेला. तिचं झाड बाबांनीच दिलेल्या फांदीचं. मावशी दारात आडवी उभी राहिली. "मांडीवर घेऊन बसणार असाल तर न्या. नाहीतर जिना तिकडे आहे."

आणि बसला की! कुंडी मांडीवर, काटे गालाला, गुमान. एप्रिलमध्ये तिच्या मुलाला दोन खोल्या मिळाल्या.

माझी मुलगी पडद्याआडच रांगायला लागलीय. परवा मी विचारलंच, "बाबा, तुम्ही का नाही बोललात?"

"अगं, एवढ्या मोठ्या माणसाला खाली उतर कसं म्हणायचं?"

"मावशीनं सुनावलंच ना?"

"ती अडाणी आहे," बाबा म्हणाले.