यादीत नसलेलं नाव

हेझल थ्रेलफॉलने बोट पुन्हा पहिल्या नावावर नेलं आणि यादी तिसऱ्यांदा वाचायला घेतली. वर्षातला शेवटचा दिवस. राजाने नववर्षानिमित्त ज्यांना सन्मान दिले, त्यांची नावं सकाळच्या पेपरात चार पानं भरून आली होती. लँकेशरमधली अकरा माणसं होती. शेजारच्या गावची एक दाईसुद्धा होती.

"नॅन, चहा गार झाला," समोर बसलेली नात म्हणाली. फ्रेया सतरा वर्षांची. टोस्टच्या कडा मोडून ती बशीच्या काठाला लावत होती.

"होऊ दे."

पत्र नोव्हेंबरात आलं होतं. शाळेपुढच्या रस्त्यावर ‘थांबा’ लिहिलेली पाटी धरून पस्तीस वर्षं मुलांना सुखरूप पलीकडे नेल्याबद्दल पदक देण्याचा विचार आहे. यादी जाहीर होईपर्यंत कुणाजवळ बोलू नये. हेझल खरोखरच कुणाजवळ बोलली नाही. चर्चमधल्या मैत्रिणींजवळही नाही. फक्त निळा कोट धुवायला टाकला, आणि रोज संध्याकाळी आरशासमोर एक पाय मागे घेऊन, गुडघ्यात वाकून राजाला करायचं वंदन घोटू लागली. फ्रेयाने दाराच्या फटीतून ते चित्रित केलं. वर्गातली मुलं पोट धरधरून हसली.

ते पत्र फ्रेयाने आणि तिच्या वर्गातल्या रीसने लिहिलं होतं. कॉलेजात विषय दिला होता, राजसन्मानांना आज काही किंमत आहे का? वर्गातल्या अठ्ठावीसपैकी तेवीस जणांनी नाही म्हटलं.

"नावाआधी ‘सर’ लागलं म्हणून बस लवकर येते का?" रीस म्हणाला होता. "म्हाताऱ्यांनाच असल्या बिल्ल्यांचं वेड. बघायचंय? तुझ्या आजीवर करून बघू."

दोन दिवसांनी सांगून टाकायचं ठरलं होतं. मग कोट धुवायला गेला आणि सांगणं राहून गेलं.

हेझलने पेपराची घडी घातली. ॲप्रनच्या खिशातून पत्र काढून फ्रेयापुढे ठेवलं.

"वाच. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही."

फ्रेया खाली बघून वाचल्यासारखं करत राहिली.

"इथं बघ, बाळा." हेझलने एका ओळीवर नख ठेवलं. "‘आवश्यक ती चौकशी पूर्ण झाल्यावर.’ त्यांनी चौकशी केली. त्यांना सापडलं."

ते वाक्य फ्रेयाचंच होतं. त्याशिवाय पत्र खरं वाटत नव्हतं.

"काय सापडलं?"

"चौऱ्याण्णव साल. धुकं होतं. बेकरीच्या गाडीखाली सात वर्षांची पोर आली. जगली, पण पाय कायमचा गेला. मी पोलिसांना सांगितलं, मी पाटी आडवी धरली होती, तरी गाडी चालवणाऱ्या डक्सबरीने ती थांबवली नाही. मी रस्त्यावर नव्हतेच गं. समोरच्या दुकानात सिगारेट घेत होते."

"आणि तो?"

"चौदा महिने आत. नंतर त्याला कुणी कामावर ठेवलं नाही. गेला बिचारा. त्याची मुलगी आपल्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात असते. म्हणून मी गोळ्या पार बाजारापलीकडून आणते."

फ्रेयाने पत्र उचललं. शाईचा रंग रीसने तीनदा बदलून पाहिला होता.

"नॅन, हे पत्र..."

"काय?"

हेझल तिच्याकडे बघत होती. डोळे कोरडे होते. तीस वर्षांत कुणी न विचारलेलं एकदाचं विचारलं जावं, तसा तिचा चेहरा सैलावला होता.

"काही नाही," फ्रेया म्हणाली. "कागद चांगला आहे, एवढंच."

"राजाचाच तो." हेझल उठली. आतून निळा कोट आणून तिने एकेक बटण लावायला घेतलं. "पोलिसांनी दारात गाडी उभी करावी, शेजाऱ्यांनी पडदे सारून बघावं, त्यापेक्षा आपल्या पायांनी गेलेलं बरं. तुझ्या त्या फोनवर बघ जरा. ठाण्यातली चौकशीची खिडकी आज किती वाजेपर्यंत उघडी असते?"

फ्रेयाने फोन हातात घेतला. बराच वेळ ती त्यात बघत राहिली.

"चारपर्यंत," ती म्हणाली.